अर्धा कोयता

पोळा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मजूर गोळा करणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज आणि शेजारचं पाथर्डी, या तालुक्यांत खरिपाचं पीक पदरात पडण्याआधीच पुढच्या सहा महिन्यांच्या ऊसतोडीच्या मजुरीचा सौदा ठरलेला असतो. हा सौदा माणशी होत नाही, कोयत्यामागे होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं. लाख, सव्वा लाख, कधी त्याहून जास्त उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्या जोडप्याला मिळते. ती मोजून घेणारा हात नवऱ्याचा, सही किंवा अंगठाही त्याचाच. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता घ्यायला मुकादम नाखूश असतो. एकाने तोडलेला ऊस गोळा करायला, मोळ्या बांधायला आणि डोक्यावरून गाडीत चढवायला दुसरं माणूस लागतंच. बाई नसेल तर सौदा होत नाही, आणि सौद्याच्या कागदावर बाईचं नाव नसतं.

गेल्या काही वर्षांत ऊसतोड करणाऱ्या बायकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. काढलेल्या गर्भाशयांच्या बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या, परदेशांत गेल्या, समित्या बसल्या. या सगळ्या लिखाणात एक सूर सतत ऐकू येतो: बायका अडाणी आहेत, डॉक्टर लोभी आहेत, लग्नं लवकर होतात, दुष्काळ पडतो. यातलं काहीच खोटं नाही. पण हा सूर लावला की प्रश्न बाईच्या घरात, तिच्या गावात, तिच्या नशिबात जाऊन बसतो आणि ज्या कामामुळे तो उभा राहिला ते काम नजरेआड होतं. गिरणीत पट्ट्यात सापडून कामगाराचा हात तुटला तर त्याला आपण अपघात म्हणतो, त्याची भरपाई मागतो, यंत्राला जाळी होती का ते विचारतो. ऊसतोडीच्या बाईचं काढलेलं गर्भाशय हीदेखील कामावर झालेली इजा आहे, आणि तिचा हिशेब त्याच पद्धतीने मागायला हवा.

म्हणून आधी काम कसं चालतं ते पाहू.

उसाच्या फडावरचा दिवस पहाटे चारच्या आसपास सुरू होतो, आणि बाईचा त्याच्याही आधी. कारखान्याच्या आवारात किंवा एखाद्या पडीक रानात पाचटाच्या, बांबूच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या असतात. माणूस वाकूनच आत जाऊ शकेल एवढ्या त्या ठेंगण्या. तिथे चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, पाणी आणायचं. ते पाणी बहुतेक वेळा विहिरीचं, पाटाचं, मिळेल तिथलं. लेकरांना गाडीत घालून अंधारात फड गाठायचा. गडी ऊस तोडतो, शेंड्याचं वाढं छाटतो. बाईही तोडते, शिवाय साळलेला ऊस गोळा करून वाढ्यानेच मोळी बांधते. भरणीची वेळ झाली की ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. मोळीचं वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात, ओला ऊस असला तर त्याहून जास्त. अशा किती फेऱ्या होतात ते कुणी मोजत नाही, पण गणित सोपं आहे. एका जोडप्याचा दिवसाचा ऊस दीड-दोन टन भरतो, आणि त्यातला मोठा भाग तिच्या डोक्यावरून आणि मानेवरून गाडीत जातो. ट्रक किंवा ट्रॅक्टर रात्री आला तर रात्री. ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात, दवाने निसरड्या झालेल्या फळीवरून.

साप, विंचू, जुन्नर आणि नगरच्या पट्ट्यात बिबट्या, हे धोके सगळ्यांना ठाऊक आहेत आणि बातमीतही येतात. ज्यांची बातमी होत नाही असे धोके रोजचे आहेत. फडावर संडास नसतो. ऊस उभा असेपर्यंत आडोसा असतो, तोड पुढे सरकली की तोही जातो. आजूबाजूला टोळीतले गडी, गाडीवाले, तोडीची चिठ्ठी आणणारे चिटबॉय. म्हणून बायका पाणी कमी पितात. उन्हात आठ-दहा तास ओझी वाहायची आणि पाणी टाळायचं, याचा अर्थ कोणताही डॉक्टर सांगेल: लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडावर ताण. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. ओलसर राहिलेलं कापड पुन्हा वापरायचं. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखायला लागतं, कंबर धरते. हे सगळं सोसत काम सुरूच ठेवायचं, कारण काम थांबलं की खाडा पडतो.

खाडा हा या धंद्यातला सगळ्यात क्रूर नियम आहे आणि तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. कामावर न आलेल्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम दंड लावतो. पाचशे रुपये ही नेहमी सांगितली जाणारी रक्कम. काही ठिकाणी जास्तही. दंड उचलीत मिळवला जातो. ताप आला, खाडा. पाळीत उठवेना, खाडा. बाळंतपण झालं तरी चार-आठ दिवसांत कोयता हाती येतो, त्याचं कारणही तेच. जोडप्यातलं एक बसलं की दुसऱ्याचंही काम अडतं, त्यामुळे बाईच्या दुखण्याची किंमत नवऱ्याला लगेच कळते आणि तो तिच्यावर नाराज होतो. आठवड्याची सुट्टी ही गोष्ट फडावर माहीत नाही. कारखाना दुरुस्तीसाठी बंद पडला किंवा अवकाळी पाऊस आला, तरच सुट्टी.

रविवारची सुट्टी या देशात मिळाली ती मुंबईच्या गिरण्यांमुळे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने ती मान्य केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन बायका उभ्या राहून बोलल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी केली. आज ती मर्यादा आपल्याला अमानुष वाटेल. पण १८९१ मधल्या त्या तोकड्या कायद्याने गिरणीतल्या बाईला जेवढं दिलं, तेवढंही फडावरच्या बाईला आज कागदावर मिळालेलं नाही.

आता गर्भाशयांकडे येऊ.

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या बातम्यांनी खळबळ उडाली. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांमध्ये हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

या दोन आकड्यांमधलं अंतर कसं तयार झालं, ते बायकांच्या आयुष्याचा क्रम लावला की दिसतं. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न. लगेच कोयता. अठरा-एकोणीसपर्यंत एक-दोन लेकरं. बाविशी-पंचविशीत कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया, आणि तीसुद्धा हंगाम संपून गावी आल्यावर, पुढच्या हंगामाच्या आत उरकलेली. मग पुन्हा ओझी. तिशीच्या आसपास अंगावर जाणं, पोटदुखी, कंबरदुखी असह्य होते. फडाजवळ सरकारी दवाखाना लांब असतो आणि तिथे जायचं म्हणजे अख्खा दिवस, म्हणजे खाडा. म्हणून दुखणं मेडिकलच्या गोळीवर सहा महिने ढकललं जातं. गावी परतल्यावर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जायचं. तिथे सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं की पिशवीला सूज आहे, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. लेकरं झालेली आहेत, ऑपरेशनही झालेलं आहे, मग पिशवीचं काम काय? बाईलाही हा युक्तिवाद पटतो, कारण तिला डोळ्यांसमोर पुढचा हंगाम दिसत असतो. पाळी गेली की दर महिन्याचे चार खाडे वाचतील, ओलं कापड घेऊन ओझं वाहावं लागणार नाही.

यालाच काही लोक 'स्वेच्छेने घेतलेला निर्णय' म्हणतात. मला तो निर्णय म्हणता येत नाही. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, फडावर संडास आणि जवळ औषध देणारी एक नर्स, एवढं असतं तर यातल्या बहुतेकींनी पोटावर शस्त्र चालवून घेतलं नसतं. संसर्गावर औषधं आहेत. साध्या गाठींवर इतर उपाय आहेत. गर्भाशय काढणं हा शेवटचा उपाय असतो, हे वैद्यकशास्त्राचं पहिलं पुस्तक सांगतं.

आणि त्यानंतर दुखणं संपत नाही. अनेकींचे बीजांडकोशही काढले जातात. मग पस्तिशीच्या आत रजोनिवृत्ती येते, हाडं लवकर विरळ होतात, सांधे धरतात, घाम फुटतो, झोप उडते. शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, हा सल्ला दिलेला असतो. पण ऑपरेशनला वीस-पस्तीस हजार लागलेले असतात आणि ते मुकादमाकडूनच घेतलेले असतात. पुढच्या हंगामाच्या उचलीत ते आधीच चढलेले. त्यामुळे ज्या ओझ्याने आजार दिला त्याच ओझ्याखाली ती परत जाते. या वेळी ते कर्ज फेडण्यासाठी.

२०१९ नंतर जिल्हा प्रशासनाने खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत सगळ्या राज्यांना तीन महिन्यांच्या आत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हलाखीची स्वतःहून दखल घेतली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेने महाराष्ट्रातली साखर कोकाकोला, पेप्सी अशा कंपन्यांच्या बाटल्यांपर्यंत कशी पोहोचते आणि त्या साखरेमागे बायकांचं काय होतं, हे जगापुढे मांडलं. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात बीडच्या आरोग्य यंत्रणेच्या नोंदींवरून आलेल्या बातम्यांत हंगामाआधी गर्भाशय काढून गेलेल्या ८४३ बायका होत्या, आणि दीड हजारांहून जास्त गरोदर बायका फडावर होत्या. परवानगीची अट डॉक्टरच्या टेबलाला लागली. फडाला ती लागलेली नाही. जिथे आजार तयार होतो तिथे काहीच बदललं नाही, तर शस्त्रक्रियागृहाच्या दारावरचा पहारेकरी किती पुरा पडणार?

गरोदरपणाबद्दल या राज्याचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे, म्हणूनच फडावरची स्थिती जास्त बोचते. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, सरकारने त्याचा भार उचलावाच, पण ज्या मालकाला त्या बाईच्या श्रमाचा फायदा होतो त्यानेही काही वाटा द्यायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला तसा पहिला. पुढे १९६१ च्या कायद्याने बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या बाईला हक्क दिला, आणि २०१७ पासून रजा सव्वीस आठवड्यांची आहे. ऊसतोडीची बाई एका हंगामात दीडशे दिवस राबते. दिवसांच्या हिशेबात ती केव्हाच पात्र ठरली आहे. पण तिने ते दिवस कुणाकडे भरले, हे सांगणारा कागद तिच्याकडे नाही.

या धंद्यातली साखळी अशी आहे. कारखाना, बहुधा त्यानेच उभी केलेली तोडणी-वाहतूक संस्था, तिच्याशी करार करणारा वाहनमालक किंवा ठेकेदार, त्याच्या खाली मुकादम आणि शेवटी जोडपं. विचारलं की प्रत्येक जण वर किंवा खाली बोट दाखवतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर स्वतःच मजूर, मला कारखान्याने पैसे दिले तर मी देणार. शेतकरी म्हणतो, मी फक्त ऊस पिकवला.

आता कामावर नियंत्रण कुणाचं आहे ते बघा. कोणत्या गटातला, कोणत्या शेतकऱ्याचा फड कोणत्या दिवशी तोडायचा हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं. तोडीची चिठ्ठी कारखान्याचा चिटबॉय आणतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. तोडणीचा दर राज्याच्या साखर कारखाना संघाशी मजूर संघटनांच्या होणाऱ्या करारात ठरतो. जानेवारी २०२४ मधली ३४ टक्क्यांची वाढ तशीच ठरली. उचलीचा पैसा कारखान्याच्या पतीवर उभा राहतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातून, कापून घेतो तोही कारखानाच. मालकाची सगळी कामं कारखाना करतो. मालक म्हणून सही तेवढी करत नाही.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा तो शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्याचा प्रयोग होता. तो यशस्वी झाला आणि त्यावर पश्चिम महाराष्ट्रात शाळा, दवाखाने, इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. या सहकारात ऊस लावणाऱ्याला सभासदत्व मिळालं. ऊस तोडणाऱ्याला मिळालं नाही. दहा लाखांहून जास्त माणसं दरवर्षी घरदार सोडून ज्या धंद्यासाठी येतात, त्या धंद्याच्या सर्वसाधारण सभेत त्यांच्यातलं कुणीच नसतं. ही सहकाराची उरलेली बाकी आहे असं मी मानतो.

कायद्यांमधली भोकंही अशी आहेत की ऊसतोडीची बाई प्रत्येकातून गळते. कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्या यादीत साखरेचं नाव स्पष्ट होतं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यासाठी होता, म्हणजे बीडहून बेळगावला गेलेल्या टोळीला तो लागू होऊ शकत होता, बीडहून कोल्हापूरला गेलेल्या टोळीला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात असंघटित कामगार बायकांसाठी जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे. पण परक्या जिल्ह्यात, रात्री कोपीत, मुकादमाच्या कर्जाखाली असलेल्या बाईने ती समिती गाठायची कशी? शेतीतल्या सुरक्षिततेबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००१ मध्ये १८४ क्रमांकाचा करार केला. गरोदर आणि स्तनदा बायकांची विशेष गरज, धोक्याच्या कामाला अठरा वर्षांची अट, असं सगळं त्यात आहे. भारताने तो मान्य केलेला नाही.

मुलांच्या बाबतीत तर चोरवाट कायद्यातच आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवायला बंदी केली, मात्र शाळेनंतर कुटुंबाच्या कामात मदत करायला मोकळीक ठेवली. ऊसतोड जोडप्यानेच होते, म्हणजे ती कायम 'कुटुंबाचं काम' दिसते. दहा वर्षांची मुलगी वाढे गोळा करते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन बांधावर बसते, दुपारी कोपीवर जाऊन भात टाकते. यातलं कोणतं काम आणि कोणती मदत, ते कुणी ठरवायचं? चौदा-पंधराचा मुलगा कोयता चालवायला लागला की तो हिशेबात येतो, अर्धा कोयता म्हणून. शाळेच्या दाखल्यावरचं त्याचं वय तिथे कुणी विचारत नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत अठरा वर्षांखालच्या पोराला योग्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय कामाला लावायला, धोक्याच्या यंत्राजवळ उभं करायला, ठरलेल्या वजनापलीकडे उचलायला लावायला फॅक्टरी कायद्याने बंदी घातली. फाटकाच्या बाहेर त्याच कारखान्यासाठी तो रात्री ट्रॉली भरतो.

तान्ह्या लेकरांना बांधावर झोळीत किंवा पाचटावर निजवलेलं असतं. मागे येणाऱ्या ट्रॅक्टरखाली, उघड्या विहिरीत, पेटलेल्या पाचटात लेकरं गेल्याच्या बातम्या दर हंगामात आतल्या पानावर येतात. फॅक्टरी कायद्याने तीसहून जास्त बायका जिथे काम करतात तिथे पाळणाघराची अट घातली होती. एका कारखान्यासाठी राबणाऱ्या बायका हजारांत असतात.

फडाच्या या घडीतून मुलींचं जे होतं ते पुन्हा सुरुवातीच्या कोयत्याच्या सौद्यापाशी आणून सोडतं. आई-बाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर गावात म्हाताऱ्या आजीपाशी. तिच्या काळजीने आई-बापाचा जीव टांगणीला लागतो. फडावर न्यावं तर तिथे त्याहून जास्त धोका. मग तिचं लग्न लावून देणं हीच तिची सुरक्षा वाटते. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि नव्या जोडप्याला नवी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा सुमारे २२. बालविवाहाच्या विरोधात गावोगाव फलक लावून हा आकडा उतरणार नाही. मुलगी जिथे निर्धास्तपणे राहू शकेल अशी जागा लागेल. साखरशाळांचा प्रयोग झाला, गावातली हंगामी वसतिगृहं झाली, आणि अलीकडे संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांचं आणि मुलींचं एकेक, अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली. यातलं मुलींचं प्रत्येक वसतिगृह म्हणजे टळणारी शंभर लग्नं असं समजून ती चालवली पाहिजेत.

उपाय सांगताना कुणी 'हे अशक्य आहे' म्हणालं, तर मी महाराष्ट्राचंच उदाहरण देईन. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या हमालांनाही एके काळी कुणी मालक नव्हता. व्यापारी बोट दाखवायचा टोळीवाल्याकडे, टोळीवाला व्यापाऱ्याकडे. डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईतली माथाडींची चळवळ यांच्या रेट्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. ज्याचा माल, त्याने मंडळात लेव्ही भरायची, मंडळाने हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना द्यायचा. पोत्याचं वजन कमी करण्यासाठीसुद्धा हमाल वर्षानुवर्षं लढले. मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणारी बाई हमालच आहे. तिला त्या तत्त्वाबाहेर ठेवण्याला काहीच आधार नाही.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण उसाचंच. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोडीची तरणीताठी माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन हजारोंनी मेली. ना मधुमेह, ना रक्तदाब. उष्णता, अतिश्रम आणि कमी पाणी यांच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला. त्यानंतर निकाराग्वातल्या सान अंतोनियो या साखर कारखान्यात तोडणाऱ्यांसाठी पाणी, विश्रांती आणि सावली यांची सक्तीची व्यवस्था लावली गेली. ठरावीक अंतराने काम थांबवायचं, फडावर हलवता येणारी सावली न्यायची, पाणी मजुरापर्यंत न्यायचं. मूत्रपिंडाच्या इजा कमी झाल्या आणि उत्पादनही घटलं नाही. तिथे कारखान्याने फड ही आपली जागा मानली, म्हणून हे होऊ शकलं.

आपल्याकडे पैशाचा मार्गही उघडलेला आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये भरायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलं आहे. राज्यात बऱ्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे एका हंगामाचे दोनशे कोटी. फिरते संडास, पाण्याच्या टाक्या, टोळ्यांच्या तळावर पाळणाघर, हंगामाआधी आणि नंतर तपासणी, फडाजवळ येणारी नर्स, गरोदर बाईला घरी बसून मिळणारा भत्ता, हे या पैशात बसायला हवं. महिला किसान अधिकार मंच आणि ऊसतोड बायकांच्या इतर संघटना नोंदणीची मागणी किती तरी दिवस करत आहेत: बाईचं ओळखपत्र तिच्या नावाचं, उचल आणि मजुरीतला तिचा अर्धा वाटा तिच्या खात्यात. हे झालं की ती नवऱ्याच्या कोयत्याचा भाग राहत नाही, कामगार होते. मग तिच्या दिवसांची नोंद राहते, आणि त्या नोंदीवर बाळंतपणाचा आणि भरपाईचा हक्क सांगता येतो.

तोडणी यंत्रांसाठी सरकार अनुदान देतं आहे, यंत्रं वाढतीलही. पण आधार कार्डाशिवाय दुसरा कागद नसलेल्या बाईला यंत्र आल्यावर कामावरून काढल्याची नुकसानभरपाई कोण देईल? नोंदणीची घाई त्यासाठीही आहे.

आणि हे सगळं लागू करायला नवा कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. दर हंगामाआधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी थकवणाऱ्या कारखान्यांचे परवाने आयुक्तालयाने अडवलेले आहेत, आणि थकलेले पैसे त्यामुळे निघालेलेही आहेत. तोच अधिकार इथे वापरता येतो. परवान्याच्या अर्जासोबत कारखान्याने तोडणीला येणाऱ्या प्रत्येक बाईची तिच्या नावाने यादी जोडावी, तिचं बँक खातं लिहावं, गरोदर बायकांची वेगळी नोंद द्यावी, प्रत्येक तळावर किती संडास आणि पाण्याच्या किती टाक्या आहेत ते भरावं, खाड्याचा दंड घेतला जाणार नाही अशी हमी द्यावी, आणि या सगळ्याखाली मुकादमाची नव्हे, कार्यकारी संचालकाची सही असावी. सही नसेल, तर त्या वर्षी बॉयलर पेटू नये.